फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘वेगळी रक्तवाहिनी’: घाबरायचे कधी, विचारायचे काय

छातीच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की घरातले सगळे आधी शेवटचा परिच्छेद वाचतात. गाठ किती सेंटिमीटरची आहे, कोणत्या बाजूला आहे, लिव्हरमध्ये काही आहे का. या घाईत मध्येच कुठेतरी एक ओळ असते. ‘पर्सिस्टंट लेफ्ट सुपीरियर व्हेना कावा’, किंवा ‘पार्शियल अनॉमलस पल्मोनरी व्हीनस रिटर्न’, किंवा नुसतेच ‘व्हॅस्क्युलर व्हेरिएंट नोटेड’. काही कुटुंबांचे तिच्याकडे लक्षच जात नाही. काहींचे जाते आणि मग रात्रभर मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. सकाळी ओपीडीत प्रश्न येतो, ‘डॉक्टर, कॅन्सर हृदयापर्यंत पोहोचला का?’

नाही. ही ओळ बहुतेक वेळा कॅन्सरबद्दल नसतेच. आईच्या पोटात असताना हृदय आणि फुफ्फुसे तयार होतात, तेव्हा एखादी शीर नेहमीच्या जागी न जोडता दुसरीकडे जोडली जाते, किंवा जी शीर विरघळून जायला हवी ती तशीच राहते. माणूस साठ वर्षे त्या शिरेसह जगतो, लोकलला लटकतो, जिने चढतो, आणि त्याला पत्ताही नसतो. कॅन्सरसाठी स्कॅन झाला म्हणून ती दिसली, एवढेच.

पण एवढे सांगून थांबले तर तेही अर्धवट होईल. ज्या रुग्णाच्या फुफ्फुसाचा भाग ऑपरेशन करून काढायचा आहे, त्याच्यासाठी ही ओळ कधी कधी संपूर्ण रिपोर्टमधली सर्वात महत्त्वाची ओळ ठरू शकते.

हा विषय आत्ता का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे ७५ हजार जणांचा त्याने मृत्यू होतो. २०२४ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात या भागातील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे वेगळेपण मांडले. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी होतो, आणि आयुष्यात कधी बिडी-सिगारेट न ओढलेले रुग्णही बरेच असतात.

मुंबईत यावरची चर्चा बहुतेक हवेपाशी सुरू होते आणि हवेपाशीच संपते. ती चर्चा योग्यच आहे. बाहेरची दूषित हवा कर्करोगकारक असल्याचे जागतिक पातळीवर २०१३ मध्येच मान्य झाले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सांगितले तेव्हा अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पावाच्या भावाची चर्चा झाली. मात्र रोग झाल्यावर जो स्कॅन होतो तो कोण वाचतो, कसा वाचतो, आणि सर्जनपर्यंत नेमके काय पोहोचते, यावर कुणी बोलत नाही. खरे तर उपनगरातल्या रुग्णाच्या हातात हवेपेक्षा ही गोष्ट जास्त आहे.

आता आकडेमोड करू. प्रौढांच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाची शीर चुकीच्या ठिकाणी जोडलेली आढळण्याचे प्रमाण साधारण हजारात एक ते दोन आहे. डाव्या बाजूची जादा महाशीर हजारात तीन ते पाच जणांना असते. वर्षाला ८१ हजार नवे रुग्ण धरले, तर त्यांच्यात पहिल्या प्रकारचे ८० ते १६० आणि दुसऱ्या प्रकारचे २५० ते ४०० लोक असणार. आकडा छोटा आहे. शिवाय आपल्याकडे दहापैकी सात-आठ रुग्णांचा आजार निदानाच्या वेळीच पुढच्या टप्प्यावर गेलेला असतो, त्यांचे ऑपरेशन होतच नाही. म्हणजे प्रश्न उरतो तो थोड्या लोकांचा. पण हे थोडे लोक म्हणजे ज्यांचा कॅन्सर पूर्ण बरा होण्याची खरी संधी आहे ते लोक. ती संधी एका शिरेमुळे हुकू नये, आणि एका शिरेमुळे ऑपरेशननंतर हृदय थकू नये, म्हणून हा लेख.

पहिला धोका: शिरेला गाठ समजणे

हा धोका ऑपरेशनच्या आधीचा आहे आणि माझ्या मते सामान्य रुग्णासाठी तोच जास्त महत्त्वाचा आहे.

कोविडच्या दोन वर्षांत ‘एचआरसीटी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. त्यामुळे आजही खोकला लांबला की लोक स्वतःहून जवळच्या सेंटरमध्ये जाऊन एचआरसीटी करून येतात. फुफ्फुसाचा पोत पाहण्यासाठी ही तपासणी उत्तम आहे. पण ती साधी असते, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध न देता केलेली. अशा स्कॅनमध्ये रक्तवाहिनी आणि लसिकाग्रंथी दोन्ही जवळजवळ सारख्याच राखाडी रंगाच्या दिसतात. अनुभवी रेडिओलॉजिस्ट एकामागून एक चित्रे पाहत ती नळी वर-खाली कुठे जाते याचा माग काढतो आणि ओळखतो. घाईत मात्र चूक होऊ शकते.

उदाहरणार्थ, महाधमनीच्या कमानीच्या डाव्या बाजूला एक गोल ठिपका दिसला. तो सुजलेला नोड असू शकतो. डावीकडची जादा महाशीर असू शकते. किंवा डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातून हृदयाकडे न जाता मानेच्या दिशेने वर जाणारी चुकीची शीर असू शकते. तिन्हींचा अर्थ पूर्णपणे वेगळा. उजवीकडेही असेच होते. काही लोकांत पोटाकडून येणाऱ्या खालच्या महाशिरेचा एक भाग जन्मतः नसतो आणि ते रक्त पाठीच्या कण्याशेजारच्या अ‍ॅझायगस नावाच्या शिरेतून वर येते. एवढे रक्त वाहिल्याने ही शीर फुगते आणि श्वासनलिकेच्या उजव्या बाजूला चक्क गाठीसारखी दिसते.

यात पणाला काय लागते? स्टेज. छातीच्या मधल्या भागातल्या ग्रंथींत कॅन्सर पोहोचला असे धरले की आजाराचा टप्पा वर जातो, आणि जिथे आधी ऑपरेशनचा विचार होता तिथे आधी केमो-रेडिएशन किंवा फक्त केमो असा बेत ठरू शकतो. एका शिरेला नोड म्हटल्याने माणसाची बरी होण्याची संधी निसटू शकते. उलट चूकही घातक आहे. शिरेला नोड समजून तिथे सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो.

सुदैवाने खात्री करण्याचे मार्ग आहेत आणि ते मुंबईत उपलब्ध आहेत. कॉन्ट्रास्ट दिलेला सीटी स्कॅन हा पहिला. रक्तवाहिनी उजळते, नोड तितका उजळत नाही. पेट स्कॅनमध्ये कॅन्सरची ग्रंथी सहसा चमकते, शिरेतले रक्त तसे चमकत नाही. मात्र लक्षात ठेवा, पेट स्कॅनसोबत होणारा सीटी बऱ्याच ठिकाणी साधाच असतो. त्यामुळे ‘पेट झाला आहे, आता वेगळा सीटी कशाला’ असा हिशेब नेहमी बरोबर ठरत नाही. दुर्बिणीने श्वासनलिकेतून सोनोग्राफी करून नोडमधून सुईने नमुना घेतात, ज्याला ईबस म्हणतात. त्यात डॉपलर लावून आत रक्त वाहते आहे का हे सुई घालण्यापूर्वीच पाहता येते.

आपल्या शहरात आणखी एक भानगड आहे, जुना टीबी. पंचवीस वर्षांपूर्वी टीबी होऊन बरा झालेल्या फुफ्फुसात व्रण आकसतात आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्या ओढल्या जातात. जुन्या ग्रंथी दगडासारख्या कडक होऊन फुफ्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटतात. अशा माणसाच्या छातीत शीर जन्मतः वेगळी आहे की टीबीने ओढली गेली, हे ओळखणेही कौशल्याचे काम आहे. आणि खरे सांगायचे तर मुंबईतल्या छातीच्या सर्जनला जन्मजात वेगळ्या शिरेपेक्षा हा टीबीचा चिकटपणा कितीतरी जास्त वेळा छळतो. म्हणून टीबी कधी झाला होता, किती महिने गोळ्या घेतल्या, हे न लाजता सांगा. घरातल्या मोठ्यांनी लपवलेला टीबी ऑपरेशनच्या टेबलावर उघड होणे कुणाच्याच हिताचे नाही.

दुसरा धोका: रक्त चुकीच्या घरी जाणे

आता मुख्य मुद्दा, फुफ्फुसाच्या चुकीच्या जागी जोडलेल्या शिरेचा.

शाळेत शिकलेले आठवा. हृदयाची उजवी बाजू शरीरातून आलेले रक्त फुफ्फुसाकडे पाठवते. फुफ्फुसात त्याला ऑक्सिजन मिळतो. मग साधारणपणे चार शिरा, दोन उजवीकडच्या आणि दोन डावीकडच्या, ते रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला आणतात आणि तिथून ते शरीरभर जाते. काही लोकांत या चारपैकी एखादी शीर डाव्या बाजूला न जाता उजव्या बाजूच्या रक्ताला जाऊन मिळते. कधी थेट वरच्या महाशिरेत, कधी मानेखालच्या मोठ्या शिरेत, कधी खाली यकृताजवळच्या महाशिरेत. शेवटच्या प्रकारात एक्स-रेवर वाकडी सावली दिसते, तलवारीसारखी. म्हणून त्याला सिमिटार सिंड्रोम म्हणतात. सिमिटार म्हणजे वाकडी तलवार, आपली समशेर. १८३६ मध्ये लंडन आणि पॅरिसमधल्या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले होते, एक्स-रेचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी.

असे झाले की काय होते? कारशेडमधून निघालेली एक लोकल प्रवासी भरून घेते, पण सीएसएमटीला न जाता पुन्हा कारशेडमध्येच येते असे समजा. ऑक्सिजन घेतलेले रक्त शरीराला न जाता पुन्हा फुफ्फुसाकडेच फिरत राहते. चारपैकी एकच गाडी अशी भरकटत असेल तर बाकीच्या तीन गाड्या काम निभावून नेतात. माणसाला काही त्रास होत नाही.

आता मेगाब्लॉक आला असे समजा. कॅन्सर उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात आहे आणि तो भाग काढून टाकला. त्या भागातून जे रक्त वाहत होते ते आता उरलेल्या भागांत विभागले जाणार. यात तो भरकटणारा भागही आहे. त्याच्याकडे जास्त रक्त जाणार, म्हणजे जास्त रक्त परत उजवीकडेच येणार. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण वाढतो. पूर्ण फुफ्फुस काढले तर सर्वात जास्त. वैद्यकीय साहित्यात अशा रुग्णांचे हृदय ऑपरेशननंतर थकल्याच्या आणि काहींचा मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. जपानमधल्या सर्जननी अशा बऱ्याच केसेस लिहून ठेवल्या आहेत. तिथे छातीचा सीटी मोठ्या प्रमाणावर होतो, त्यामुळे त्या सापडतातही.

म्हणून चुकीची शीर सापडली की सर्जन पहिला प्रश्न विचारतो, ती कोणत्या भागाची आहे? जो भाग काढायचा आहे त्याच भागाची असेल तर प्रश्न आपोआप सुटतो. भाग गेला, शीरही गेली, उलट हृदयाचा भार थोडा हलकाच झाला. शीर दुसऱ्या भागाची असेल, विशेषतः दुसऱ्या बाजूच्या फुफ्फुसाची असेल, तर थांबून मोजमाप करावे लागते.

मोजमाप म्हणजे फुफ्फुसाकडे जाणारे रक्त आणि शरीराकडे जाणारे रक्त यांचे गुणोत्तर. निरोगी माणसात ते एकास एक असते. दीडच्या पुढे गेले की ते महत्त्वाचे मानतात. हे गुणोत्तर हृदयाच्या एमआरआयने किंवा कॅथेटर तपासणीने काढता येते. टूडी इको सर्वांना माहीत असतो आणि तो करायलाच हवा, कारण हृदयाची उजवी बाजू मोठी झाली आहे का, दाब वाढला आहे का, वरच्या दोन कप्प्यांमध्ये छिद्र आहे का, हे त्यात कळते. उजव्या वरच्या शिरेच्या दोषासोबत असे छिद्र बऱ्याचदा असते. पण प्रौढ माणसाच्या छातीवरून केलेल्या इकोत ही भरकटलेली शीर स्वतः दिसेलच असे नाही. ‘इको नॉर्मल आहे, मग शीर नॉर्मल’ हा निष्कर्ष काढू नका.

मोजमापानंतर मार्ग निघतो. गुणोत्तर कमी असेल आणि काढायचा भाग लहान असेल तर ठरलेले ऑपरेशन करून पुढे लक्ष ठेवता येते. जास्त असेल तर हृदयाचे सर्जन आधी किंवा त्याच वेळी ती शीर योग्य ठिकाणी जोडून देतात. गाठ लहान असेल तर पूर्ण लोब न काढता त्याचा छोटा भाग काढणे, किंवा अचूक नेमाची रेडिएशन, हाही पर्याय असतो. कोणता मार्ग घ्यायचा हे एकटा डॉक्टर ठरवत नाही, ठरवूही नये. छातीचे सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायची ही गोष्ट आहे.

परळमध्ये टाटा मेमोरियल आणि केईएम ही दोन रुग्णालये जवळजवळ समोरासमोर आहेत. केईएममध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. टाटा १९४१ पासून कॅन्सरसाठी उभे आहे. हृदय एका बाजूला, कॅन्सर दुसऱ्या बाजूला. आपण डॉक्टर मंडळींनीही शरीराची अशीच वाटणी करून घेतली आहे. ज्या रुग्णाचा आजार या दोन्हींच्या मधोमध आहे, त्याच्यासाठी रस्ता कुणी ओलांडायचा, हे आधी ठरलेले बरे.

शिरांचे आणखीही काही प्रकार आहेत. त्यातला एक सांगण्यासारखा आहे. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या आणि खालच्या शिरा काही लोकांत हृदयात शिरण्यापूर्वीच एकत्र होऊन एक जाड खोड तयार होते. हे फार दुर्मिळही नाही. वरचा भाग काढताना या खोडालाच वरची शीर समजून स्टेपलर लावला, तर खालच्या निरोगी भागाचे रक्त परत येण्याचा मार्गच बंद होतो. दुर्बिणीच्या आणि रोबोटिक ऑपरेशनमध्ये चित्र मोठे आणि स्पष्ट दिसते, पण एका वेळी थोडाच भाग दिसतो. म्हणून आधी स्कॅनवर नकाशा पाहून ठेवणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. अनेक ठिकाणी आता सीटीवरून रक्तवाहिन्यांचे त्रिमितीय चित्र तयार करतात. बाकी उजव्या हाताची धमनी उलट बाजूने निघणे, महाधमनी उजवीकडे वळणे वगैरे प्रकार सर्जनला माहीत असावेत. रुग्णाने त्यांची झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

केमो पोर्ट आणि डावी महाशीर

केमोसाठी छातीत पोर्ट किंवा हातातून पिक लाइन घालतात. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या बाजूजवळ पोहोचले का हे एक्स-रेवर पाहतात. ज्यांना डावीकडे जादा महाशीर आहे त्यांच्यात डाव्या बाजूने घातलेली नळी हृदयाच्या डाव्या कडेने सरळ खाली उतरलेली दिसते. मग खोलीत गडबड होते. नळी धमनीत गेली का, फुफ्फुसाच्या आवरणात गेली का? नातेवाईकांना बाहेर बसवतात आणि कुणी काही सांगत नाही.

बहुतेकदा काही बिघडलेले नसते. अशा दहापैकी नऊ लोकांत ही महाशीर शेवटी हृदयाच्या उजव्या बाजूलाच उघडते आणि बऱ्याच जणांना नेहमीची उजवी महाशीरही असतेच. डॉक्टर सहसा पोर्ट उजवीकडून घालणे पसंत करतात, कारण डावीकडच्या मार्गात गुठळी होण्याची किंवा ठोके अनियमित होण्याची काळजी असते. उरलेल्या थोड्या लोकांत मात्र ही शीर हृदयाच्या डाव्या बाजूला उघडते. तिथे नळीतून गेलेला हवेचा बुडबुडा किंवा गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून अशा वेळी डाव्या हाताच्या शिरेतून फेसाळलेले सलाईन देऊन इको करतात आणि बुडबुडे कोणत्या बाजूला दिसतात ते पाहतात. साधी, स्वस्त, काही मिनिटांची तपासणी आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. चेहरा आणि मान सुजणे, मानेच्या शिरा फुगणे, छातीवर निळ्या शिरांचे जाळे दिसणे, खाली वाकले की डोके जड होऊन श्वास अडकणे. ही लक्षणे जन्मजात शिरेची नाहीत. ट्यूमरने वरची महाशीर दाबली जात असल्याची ती खूण आहे आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये हे बऱ्यापैकी आढळते. अशा वेळी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

दुर्मिळाच्या नादात नेहमीचे विसरू नका

रिपोर्टमध्ये ‘कोरोनरी कॅल्सिफिकेशन’ असे लिहिलेले असते, त्याकडे कुणी पाहत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत कॅल्शियम साचले आहे, असा त्याचा अर्थ. तंबाखू, मधुमेह, ब्लड प्रेशर, वय ही कारणे हृदय आणि फुफ्फुस या दोघांनाही पकडतात. भरकटलेली शीर हजारात एक-दोघांना, तर हा प्रकार पन्नाशीपुढच्या रुग्णांत अगदी सर्रास. ऑपरेशनच्या टेबलावर हार्ट अटॅक येण्याची शक्यता या ओळीत लपलेली असते, त्या लांबलचक लॅटिन नावांत नव्हे. दोन मजले चढताना छातीत दडपण येते का, हे डॉक्टरांना सांगा. रेडिएशन घ्यायची असेल तर ‘हृदयावर किती डोस पडणार’ हा प्रश्नही विचारा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत हृदयावर पडलेल्या डोसचा रुग्णाच्या आयुर्मानाशी संबंध दिसला होता. तेव्हापासून रेडिएशनचा आराखडा करताना हृदय वाचवण्याकडे जास्त लक्ष दिले जाते.

बोरिवली ते परळ, फाइलमध्ये काय असावे

उपनगरातल्या रुग्णाचा प्रवास साधारण असा असतो. खोकला, मग घराजवळचे फॅमिली डॉक्टर. एक्स-रे. टीबीच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक. मग घाटकोपर किंवा बोरिवलीत स्टेशनजवळच्या सेंटरमध्ये सीटी. पेट स्कॅन तिसरीकडे. बायोप्सी चौथीकडे. आणि ऑपरेशनसाठी परळ, किंवा अंधेरी-मुलुंडमधले मोठे खासगी रुग्णालय. या साखळीत प्रत्येक ठिकाणी फक्त कागद पुढे जातो. सीटीची सीडी कपाटात राहते आणि रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. पण शीर कुठून कुठे जाते हे फोटोवरून कळत नाही. त्यासाठी मूळ चित्रे संगणकावर उघडून पाहावी लागतात.

म्हणून सेंटरमधून निघतानाच सीडी किंवा लिंक मागा. नंतर मागितली तर मिळेलच याची खात्री नसते. घरी आल्यावर ती उघडते का पाहा आणि पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवा. आधी केलेला साधा एचआरसीटीही टाकू नका, कारण जुन्या चित्रात तो ‘नोड’ तसाच असेल, दोन वर्षांत तसूभर वाढला नसेल, तर ती फार मोलाची माहिती आहे. कोविडच्या काळातले स्कॅन अनेकांच्या घरी पडून आहेत, ते शोधा.

ऑपरेशन ठरत असेल तर सर्जनना हे प्रश्न सरळ विचारा. स्कॅन कॉन्ट्रास्टचा आहे का? छातीच्या रेडिओलॉजिस्टने तो ऑपरेशनच्या दृष्टीने पुन्हा पाहिला का? चारही शिरा डाव्या बाजूला जातात का? वेगळी शीर असेल तर ती कोणत्या भागाची? माझी केस ट्यूमर बोर्डासमोर ठेवली का? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. कॉन्ट्रास्टपूर्वी क्रिएटिनिन तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल किंवा पूर्वी कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी आली असेल तर आधी सांगा.

खर्चाचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवली आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली करण्याचे ठरले. ऑपरेशन, केमो, रेडिएशनची पॅकेजेस त्यात आहेत. अडचण अशी की भरती होण्यापूर्वी बाहेर केलेल्या स्कॅनचा खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून जातो आणि लोक तिथेच काटकसर करून साधा सीटी करतात. मग पुढे कॉन्ट्रास्टचा करावाच लागतो, म्हणजे खर्च दुप्पट. योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा आणि कोणती तपासणी कुठे केली तर योजनेत बसेल ते विचारून मगच सेंटर निवडा. माझे स्पष्ट मत आहे की कॅन्सरचा संशय असलेल्या रुग्णाचा पहिला योग्य स्कॅन योजनेत धरला पाहिजे. त्याच्यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.

ऑपरेशननंतर, आणि घरच्यांसाठी

वेगळी शीर असतानाही ऑपरेशन झाले असेल, तर घरी आल्यावर पायांवर सूज, तीन-चार दिवसांत झपाट्याने वाढलेले वजन, आडवे झाल्यावर वाढणारा दम, धडधड, पोट फुगणे यांवर लक्ष ठेवा. ऑपरेशननंतर थोडा दम सगळ्यांनाच लागतो आणि तो आठवड्यागणिक कमी होत जातो. कमी होण्याऐवजी वाढत असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवा आणि इको पुन्हा करायचा का ते विचारा. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा.

भावंडांची किंवा मुलांची तपासणी करायची का, असे बरेच जण विचारतात. हे दोष बहुतेकदा वंशपरंपरेने येत नाहीत, त्यामुळे कुणाला काही त्रास नसेल तर सरसकट स्कॅन करत सुटण्याची गरज नाही. रुग्णाच्या स्वतःच्या बाबतीत मात्र ही माहिती आयुष्यभर लागणारी आहे. उद्या पेसमेकर बसवायची वेळ आली, डायलिसिससाठी मानेतून नळी घालावी लागली, आयसीयूत सेंट्रल लाइन टाकावी लागली, तर डॉक्टरांना ही शीर आधी माहीत हवी. डिस्चार्ज कार्डावर ते नाव लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, आणि पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी ठेवली तरी चालेल.